कातळावरचा इवलासा वाघ

मृग निघायला चार-आठ दिवस उरले की आपल्याकडे घरोघरी पंचांग खाली येते. नक्षत्राचे वाहन कोणते, हे बघायचे असते. वाहन कोल्हा किंवा गाढव निघाले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. हत्ती, म्हैस किंवा बेडूक निघाला की पारावरची म्हातारी माणसे मान डोलावतात आणि 'यंदा काळजी नाही' असे एकमेकांना सांगतात. आभाळात हवामान खात्याचे उपग्रह फिरत असतात, हातातल्या मोबाइलवर ढगांची चित्रे दिसत असतात. तरी वाहन बघितल्यावाचून पेरणीचे बोलणे काही पुढे सरकत नाही.

बेडकाला आपण असा पावसाचा जामीनदार करून ठेवला आहे आणि हे नाते आजकालचे नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक अख्खे सूक्त बेडकांवर आहे. वर्षभर मौनव्रत धरून बसलेले बेडूक पर्जन्याची चाहूल लागताच बोलू लागतात, असे त्यात वर्णन येते. पाऊस दडी मारतो तेव्हा महाराष्ट्राच्या काही भागांत मुसळाला बेडूक बांधून धोंडी काढण्याची प्रथा होती. बेडूक ओरडला की पाऊस येणार, आणि पाऊस आला की आपले पोट भरणार, असा तो साधा हिशेब. पण कोणता बेडूक? हा प्रश्न मात्र आपण कधी विचारला नाही. आपल्या लेखी बेडूक म्हणजे बेडूक; फार तर मोठा असला तर बेडूक आणि लहान असली तर बेडकी.

हा न विचारलेला प्रश्न आता विचारावा लागतो आहे, कारण आपल्यापासून तीन-साडेतीन तासांच्या वाटेवर राहणारा एक बेडूक जगातून नाहीसा होईल की राहील, हे काही अंशी तुमच्या-आमच्या पावसाळी सहलींवर अवलंबून आहे.

उसातला वाघ

आधी दारचा बेडूक पाहू. हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. मधल्या काळ्या रानात नजर पोचेल तिथवर ऊस. डोंगर म्हणावेत असे आळत्याजवळचे रामलिंग-धुळोबा आणि कुंभोजजवळची बाहुबलीची टेकडी एवढेच. जूनमधला पहिला दमदार पाऊस पडून सरीत पाणी तुंबले की एका रात्रीत सगळे रान गर्जू लागते. बॅटरी घेऊन बांधावर गेले तर पाण्यात पिवळेधमक, तळहाताएवढे बेडूक दिसतात. त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगतात आणि मिटतात. हे नर. एरवी मळकट हिरवा दिसणारा हा प्राणी माद्यांना बोलावण्यासाठी थोडे दिवस हा हळदीचा साज चढवतो.

शास्त्रात त्याला 'होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस' म्हणतात. टायगेरिनस म्हणजे वाघासारखा. पाकिस्तानापासून म्यानमारपर्यंत तळी, भातखाचरे आणि उसाच्या सऱ्या यांत तो सुखाने नांदतो. मादी हजारोंनी अंडी घालते. किडे, उंदरांची पिले, दुसरे बेडूक, जे तोंडात मावेल ते खातो. नावाला शोभेल अशीच त्याची वृत्ती.

या वाघावरही एकदा संक्रांत आली होती. परदेशातल्या हॉटेलांना बेडकांच्या तंगड्या हव्या होत्या आणि आपल्याला परकीय चलन हवे होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला हजारो टन तंगड्या बाहेर जात होत्या. खेड्यापाड्यांतले बेडूक पोत्यांत भरून नेले जात. मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली आणि त्यांच्यासारख्या काही जाणत्यांनी याविरुद्ध आवाज उठवला. बेडूक शेतातले किडे खातो. तो गेला की कीटकनाशकांवरचा खर्च वाढतो. मग तंगड्या विकून मिळवलेले चलन औषधे विकत आणण्यात जाते, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. १९८७ मध्ये ही निर्यात बंद झाली. गोव्यात पहिल्या पावसात 'जम्पिंग चिकन' या नावाखाली चोरटी शिकार त्यानंतरही होत राहिली. पण पोत्यांनी होणारी ती लूट थांबली.

थोडक्यात, उसातला वाघ वाचला तो उपयोगी पडतो म्हणून. हे ध्यानात ठेवून आता घाटावर जाऊ.

कातळावरचा वाघ

कोल्हापूरहून उत्तूर-आजऱ्याच्या वाटेने निघाले की आजऱ्यानंतर हवा बदलते. ऊस मागे पडतो, काजू आणि मग दाट सदाहरित झाडी सुरू होते, आणि आंबोलीत शिरताना बहुधा धुकेच सामोरे येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सावंतवाडी तालुक्याचे हे गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, नेमके सह्याद्रीच्या कड्यावर वसले आहे. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल आणि शिपाई बेळगावच्या छावणीकडे जात, त्या वाटेवरचा हा मुक्काम. पुढे इंग्रजांनी त्याचे थंड हवेचे ठिकाण केले. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे पहिल्यांदा डोके आपटतात, म्हणून वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. हातकणंगल्यात पडतो त्याच्या आठ-दहा पट.

इथे जंगल आहे आणि जंगलाच्या मधे मधे उघडा, काळसर तांबडा कातळ आहे. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलेल्यांना हा दगड ठाऊक असेल. हा जांभा. मूळच्या काळ्या पाषाणावर लाखो वर्षे ऊन-पावसाचा मारा होऊन त्यातले विरघळणारे सारे वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा हा सच्छिद्र दगड झाला. उन्हाळ्यात त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. गवताची काडी नाही, सावली नाही. सातबाऱ्याच्या भाषेत याला पोटखराबा म्हणायचे. पाहणाऱ्याला वाटावे, इथे काय जगणार?

इथेच तो दुसरा वाघ राहतो. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी. अंग खरखरीत, फोडाफोडांचे, मातकट तपकिरी. पण दोन्ही कुशींवर पिवळे पट्टे. शास्त्राच्या काटेकोर भाषेत तो बेडूक नव्हे, तर भेक. ज्याची कातडी खडबडीत, पाय आखूड आणि उडी तोकडी, तो भेक. आपल्या बोलीत मात्र तोही बेडूकच.

२००९ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या भेकाची जगाला ओळख करून दिली. त्याला त्यांनी नाव दिले 'झँथोफ्रायनी टायगेरिना'. झँथो म्हणजे पिवळा, फ्रायनी म्हणजे भेक आणि टायगेरिना म्हणजे वाघासारखा, अंगावरच्या पट्ट्यांवरून. इंग्रजी अमदानीपासून ज्या गावात सहलीला माणसे येत होती, त्या गावात रस्त्यालगतच्या दगडावर बसणारा हा प्राणी एकविसावे शतक उजाडून नऊ वर्षे होईतो शास्त्राला अनोळखी होता! गावच्या माणसांनी तो पावसाळ्यात पाहिला नसेल असे नव्हे. पण हा आपल्याच गावचा, जगावेगळा आहे, हे सांगणार कोण?

आणि तो खरोखरच जगावेगळा आहे. आंबोली आणि सह्याद्रीच्या या भागातल्या मोजक्या जागा सोडल्या तर पृथ्वीच्या पाठीवर तो कुठे नाही. शोध लागल्यानंतर लवकरच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून केली. त्या यादीत याच्यापुढची पायरी नामशेष होण्याचीच.

दोन वाघांची नावे सारखी. नशिबे किती वेगळी! एकाचे राज्य अनेक देशांवर, दुसऱ्याचे एका घाटमाथ्यावर.

चार दिवसांचे पाणी

इतक्या थोड्या जागेत हा भेक का अडकून पडला असावा, याचे उत्तर त्याच्या संसारात सापडते. २०१६ मध्ये निखिल गायतोंडे, वरद गिरी आणि कृष्णमेघ कुंटे यांनी त्याच्या विणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसते ते असे.

पहिल्या सरी पडल्या की जांभ्याच्या खोलगट भागात पाणी साचते. डबके म्हणण्याइतकेही ते खोल नसते. चहाच्या बशीत मावेल एवढे उथळ पाणी. या पाण्यावर नर गोळा होतात आणि ओरडू लागतात. माद्या येतात. जागेसाठी आणि मादीसाठी नरांची झुंबड उडते. हा सोहळा पावसाळाभर चालत नाही. विणीचा सगळा मोसम पहिल्या पावसाच्या थोड्या दिवसांत उरकतो. आपल्याकडे मुहूर्त कमी असले की एका दिवशी गावात दहा लग्ने निघतात ना, तसेच हे.

आपल्या अंगणात दिसणाऱ्या साध्या भेकाची मादी लांबच लांब माळेत हजारो अंडी घालते. चार वाहून गेली, चार माशांनी खाल्ली, तरी उरलेली वंश चालवतात. आंबोलीच्या भेकाची मादी घालते जेमतेम काही दहा अंडी. तीसुद्धा त्या बशीभर पाण्यात.

एवढ्या मोठ्या जंगलात ओढे आहेत, झरे आहेत, मग हा वेडेपणा कशासाठी? जरा विचार केला तर यात शहाणपण दिसते. ओढ्यात मासे असतात, खेकडे असतात, दुसऱ्या बेडकांची दांडगी पिले असतात. शिवाय आंबोलीचा ओढा एकदा भरून वाहू लागला की अंडी कोकणात पोचायची. कातळावरच्या पाण्यात मासा येत नाही. ते उथळ असल्याने लवकर कोमट होते आणि दगडावर वाढणारे शेवाळ पिलांना आयते मिळते. धोका एकच. पाऊस पडून चार-सहा दिवस उघडीप झाली आणि ऊन पडले तर पाणी आटते आणि त्या वर्षीची सगळी गुंतवणूक दगडावर वाळून जाते.

म्हणजे या प्राण्याने आपला सगळा वंश पावसाच्या वक्तशीरपणावर लावला आहे. जिरायती शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पेरणी झाली आणि पाऊस फिरला की काय होते, हे त्याने पाहिलेले असते. फरक इतकाच, की शेतकरी दुबार पेरणी करू शकतो.

या कातळाचे रहिवासी आणखीही आहेत. २०१४ मध्ये पुण्याच्या आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश डहाणूकर यांनी आंबोलीतूनच आणखी एका बेडकाची ओळख करून दिली. जांभ्याच्या चिरांत राहतो म्हणून त्याचे नाव ठेवले 'चिरावासी'. हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यातली एक इवलीशी मासळी २०२० मध्ये शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली आणि २०२१ मध्ये तिच्यासाठी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पडीक म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरवायची, त्या दगडाच्या पोटात आणि पाठीवर असे किती बिऱ्हाडकरू आहेत, याची मोजदाद अजून चालूच आहे.

एकाच आठवड्यातले दोन सोहळे

आता दुसऱ्या एका सोहळ्याकडे पाहू. तोही पहिल्या पावसाबरोबरच सुरू होतो.

धबधबा सुरू झाल्याची बातमी आली की शनिवार-रविवारी कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव आणि गोव्याकडून गाड्यांची रांग आंबोलीच्या घाटात लागते. वर्षभर कारखान्यात, कचेरीत, शेतात राबलेल्या माणसांना चार थेंब अंगावर घ्यावेसे वाटले तर त्यात गैर काहीच नाही. पोरांनी धबधब्याखाली ओरडावे, गरम भजी आणि भाजलेले कणीस खावे, कावळेसादच्या कड्यावरून उलटे उडणारे पाणी पाहावे, हा आनंद महागड्या सुट्ट्यांना न परवडणाऱ्या घरांचाही आहे. आंबोलीतल्या कितीतरी चुली या गर्दीवर पेटतात, हेही विसरता येत नाही.

अडचण एवढीच, की दोन्ही सोहळ्यांची तिथी एक आणि जागाही जवळजवळ एकच. भेकांचे कातळ खोल जंगलात नाहीत. काही तर गावाच्या आणि रस्त्याच्या अगदी कडेला आहेत. अंधार पडला, पाऊस लागला की ते बाहेर पडतात. ओल्या डांबरावर बसलेला अंगठ्याएवढा मातकट जीव गाडीच्या दिव्यात दिसत नाही; दिसला तरी ताशी साठच्या वेगात काही करता येत नाही. दिवसा गाडी लावायला मोकळा सपाट दगड सोयीचा वाटतो. त्या दगडावरचे बशीभर पाणी चाकाखाली जाते. बुटाचा एक पाय पडला की एका मादीची वर्षाची वीण संपली. कुणी वाईट हेतूने काही केलेले नसते. कुणाला कळलेलेही नसते.

अलीकडे या गर्दीत एका हौशी मंडळींची भर पडली आहे. रात्री कॅमेरे घेऊन बेडूक आणि साप शोधणारे हे लोक निसर्गप्रेमीच असतात आणि त्यांच्यामुळे या प्राण्यांचे नाव घरोघरी पोचले, हे मान्य केले पाहिजे. पण चांगले चित्र मिळावे म्हणून जोडीतला नर उचलून दुसऱ्या दगडावर ठेवणे, डोळ्यांवर पुन्हा पुन्हा झोत मारणे, हे प्रकारही घडतात. चार दिवसांच्या मोसमातली एक रात्र गेली तर त्या नराचा चौथा हिस्सा मोसम गेला.

यात पावसाचीही भर पडली आहे. वळवाने पाणी भरावे आणि मग पंधरा दिवस मृगाने तोंड दाखवू नये, असे पावसाचे वागणे आपण अलीकडे वारंवार पाहतो. शेतीवर त्याचा काय परिणाम होतो ते आपण बोलतो. कातळावरच्या बशीचे काय होते, ते बोलायला कुणी नसते.

मॉन्टेव्हर्देचा धडा

'एवढे हजारो आहेत, कुठे जाताहेत,' असे कुणी म्हणेल. त्यासाठी मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या गोष्टीशी फार जुळते.

त्या देशात मॉन्टेव्हर्दे नावाचे डोंगरावरचे जंगल आहे. आंबोलीसारखेच धुक्यात बुडालेले. तिथे एक भेक राहत होता. त्याचा नर पेटत्या निखाऱ्यासारखा केशरी, म्हणून त्याला सोनेरी भेक म्हणत. १९६६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले. त्याचेही राज्य डोंगराच्या एका माथ्यापुरते. तोही पहिल्या पावसात झाडांच्या मुळांशी साचलेल्या लहान डबक्यांवर थोडे दिवस जमायचा आणि मग वर्षभर जमिनीखाली गडप व्हायचा.

१९८७ मध्ये मार्था क्रम्प या संशोधक बाईंनी तिथल्या डबक्यांवर दीड हजारांवर सोनेरी भेक मोजले. त्या वर्षी पाऊस थबकला आणि अंडी वाळून गेली. १९८८ मध्ये त्याच डबक्यांवर एक नर आला. १९८९ च्या मे महिन्यात पुन्हा एकच नर. त्यानंतर आजतागायत सोनेरी भेक कुणालाही दिसलेला नाही. पुढची कित्येक वर्षे माणसे पहिल्या पावसात त्या डबक्यांशी जाऊन थांबत राहिली. २००४ मध्ये तो नामशेष झाल्याचे मान्य करण्यात आले.

त्याच्या जाण्याचा दोष उन्हाला द्यायचा की बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या एका जीवघेण्या बुरशीला, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. बेडूक कातडीनेच पाणी पितो आणि पुष्कळसा श्वासही कातडीनेच घेतो, त्यामुळे ही बुरशी त्याला प्राणघातक ठरते. तिचा आशियाई प्रकार आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुदैवाने इथे अमेरिकेसारखी साथ दिसलेली नाही.

या गोष्टीतली सर्वांत बोचरी बाब वेगळीच आहे. मॉन्टेव्हर्देचे जंगल तोडले गेले नव्हते. ते राखीव होते, जपलेले होते. दीड हजारांवरून शून्यावर यायला तरीही दोन वर्षे पुरली. थोड्या जागेत, थोड्या दिवसांत, सगळे एकाच ठिकाणी जमणाऱ्या प्राण्याचे असेच असते. तो दिसतो तेव्हा भरपूर दिसतो, आणि जातो तेव्हा सगळा जातो.

हे एका भेकापुरते नाही. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात जगातल्या उभयचरांचा आढावा प्रसिद्ध झाला. आठ हजारांवर जाती तपासल्या; त्यांतल्या सुमारे ४१ टक्के जातींचे अस्तित्व धोक्यात असल्याचे दिसले. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यापेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे.

दोन भावंडे

आंबोलीच्या भेकाला एक थोरले भावंड आहे. कोयनेचे पाणी अडवले जात होते त्याच सुमारास, १९६३ मध्ये, हुंबरळी गावाजवळच्या एका भेकाचे वर्णन सोमण यांनी प्रसिद्ध केले. त्याच्या कुशीवर पट्ट्यांऐवजी पिवळे ठिपके असतात. पुढे तो चांदोलीच्या जंगलातही नोंदला गेला. साऱ्या जगात 'झँथोफ्रायनी' कुळातले हे दोघेच, आणि दोघेही आपल्या सह्याद्रीचे.

या थोरल्याशी हातकणंगल्याचा संबंध थेट पाण्याचा आहे. वारणा चांदोलीच्या माथ्यावर उगम पावते आणि धरणातून सुटून आपल्या शिवेवरून कृष्णेकडे जाते. जिथले पाणी आपला ऊस पितो, त्याच रानात हा ठिपक्यांचा भेक पहिल्या पावसात ओरडतो.

आता दोघांची पत पाहा. कोयनेचे अभयारण्य आणि चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, तेव्हा महाराष्ट्रातल्या कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार जागा त्यात होत्या. थोरल्या भावाच्या डोक्यावर अशी दोन छत्रे. आंबोली त्या यादीत नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने आंबोली-दोडामार्ग, आजरा-भुदरगड अशी काही संवर्धन राखीव क्षेत्रे मंजूर केली, हे पाऊल चांगलेच पडले. पण राखीव क्षेत्र म्हणजे सरकारी जंगल. धाकट्याची बशी कधी कुणाच्या खासगी आवारात, कधी रस्त्याच्या कडेला. तिथे वनरक्षकाचा हात पोचत नाही.

आणि कातळाला तर आपल्याकडे वालीच नाही. झाड तोडले तर चार माणसे ओरडतात. दगड फोडला तर विकास झाला असे वाटते. राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणींनी तोच जांभा उलथापालथा केलेला आपण पाहिला आहे. खाण संपल्यावर वर माती टाकून झाडे लावता येतात. पण सपाट कातळावरची बशी पुन्हा घडवता येत नाही. ती घडवायला पावसाला लाखो वर्षे लागली आहेत.

उपयोग काय?

एवढे ऐकल्यावर घरातले कुणीतरी विचारणारच, 'हे सगळे खरे. पण या भेकाचा उपयोग काय?'

प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही प्रामाणिक द्यावे. उसातला वाघ कीड खातो, पैसे वाचवतो. कातळावरच्या वाघाचा असा रोकडा उपयोग दाखवता येत नाही. तो उद्या नाहीसा झाला तर हातकणंगल्यातल्या उसाचा उतारा कमी होणार नाही, वारणेचे पाणी आटणार नाही. बेडकाच्या कातडीत औषधे सापडतात, असे सांगून वेळ मारून नेता येईल. पण या भेकात ती सापडली आहेत असे नाही. हुमायून अब्दुलअलींनी ज्या युक्तिवादाने शेतातला बेडूक वाचवला, तो इथे चालत नाही.

मग दुसरा युक्तिवाद शोधायला हवा, आणि तो आपल्याला परका नाही. पन्हाळ्याच्या तटाचा उपयोग काय? आता तिथे कुणी लढत नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या मंदिरातला एखादा कोरीव हत्ती फुटला तर कुणाचा भाकरतुकडा कमी होत नाही. तरी तो फुटल्याची बातमी आली तर आपल्याला चुटपुट लागते. ते एकदाच घडले, पुन्हा घडणार नाही, आणि ते आपल्या हवाली आहे, एवढेच कारण आपल्याला पुरते. हा भेकही असाच एकदाच घडलेला आहे. कोपेश्वर आठ-नऊशे वर्षांचा. भेकाचे घराणे त्याच्या कितीतरी आधीपासून या घाटावर नांदते आहे. जगातल्या कुठल्याही देशाकडे तो नाही. आपल्याकडे आहे.

खरी कसोटी इथेच आहे. जे आपल्या उपयोगी पडते ते जपायला फारसे मोठे मन लागत नाही. जे उपयोगाचे नाही, आणि ज्याला जपायचे तर आपल्या मौजेला थोडी मुरड घालावी लागते, ते आपण जपतो का? वाघ मोठा असतो, तो दिसला की वर्तमानपत्रात छायाचित्र येते. अंगठ्याएवढ्या वाघासाठी गाडीचा वेग कमी करणारा माणूस मात्र कुणाला दिसत नाही.

आणि मागणे तरी किती थोडे आहे! आंबोलीला जाऊच नका, असे कुणी म्हणत नाही. पहिल्या पावसाच्या पंधरवड्यात गेलात तर दिवसाउजेडी पोचा. अंधारात जावेच लागले तर गाव येताच वेग निम्म्यावर आणा. गाडी कातळावर चढवू नका. दगडावरच्या पाण्यातून पोरे उड्या मारू लागली तर त्यांना जवळ बोलवा, वाकून पाहायला सांगा. काळे ठिपके हलताना दिसले तर ते काय आहे ते सांगा. प्लास्टिकच्या पिशव्या परत आणा. भेक दिसला तर हात लावू नका. आंबोलीत काही मंडळी पुष्कळ वर्षे हे प्राणी जपत आली आहेत, येणाऱ्यांना रात्री फिरवून दाखवतातही. त्यांच्याबरोबर गेले तर चार पैसे गावात राहतात आणि गावालाही वाटते की या भेकामुळे माणसे येतात. शाळेच्या सहलीत धबधब्याबरोबर हा कातळ दाखवायला काय हरकत आहे?

मॉन्टेव्हर्देचा भेक गेला तेव्हा त्याला वाचवायला काय करावे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. बुरशीला ओळखणारेही तेव्हा कुणी नव्हते. आंबोलीत निदान आपल्याला त्याची जागा, त्याचे दिवस आणि त्याच्यावर येणारी बरीचशी संकटे माहीत आहेत. पाऊस आपल्या हातात नाही. गाडीचे स्टिअरिंग आहे.

येत्या मृगात वाहन कोणतेही निघो, पहिली सर पडली की ते दोघे वाघ ओरडतील. एक आपल्या बांधाखाली, दुसरा घाटावरच्या दगडावर. बांधाखालचा आपण झोपेतही ऐकतो. वरचा ऐकायचा असेल तर मात्र गाडी जरा लांब उभी करून, इंजिन बंद करून, दिवे मालवून थांबावे लागेल.